हीट पंप असूनही सकाळी घर गार

म्युनिकच्या आमच्या जुन्या घरात गॅसवर पाणी तापवणारा बॉयलर काढून विजेवर चालणारा हीट पंप बसवला. तरी सकाळी घर गार आणि विजेचं बिल भरमसाट! बसवणाऱ्याने रेडिएटरचं (खोली तापवणाऱ्या, भिंतीवरच्या पॅनेलचं) पाणी बॉयलरसारखंच ५५ अंशांवर ठेवलं होतं, आणि मी सवयीने रात्री सगळं बंद करत होतो. चूक तिथेच होती. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. पाणी जितकं कमी तापवायचं, तितकी वीज कमी. पण अशा कोमट पाण्याने घर हळूहळू तापतं, म्हणून रात्री बंद ठेवलं तर सकाळी गारच. मग रेडिएटरचे वॉल्व्ह पूर्ण उघडले, रात्रीही पंप चालू ठेवला, पाणी दोन-दोन अंशांनी उतरवत ४२ वर आणलं. फक्त बैठकीची खोली कमी तापायची, तिथे मोठा रेडिएटर लावला. आता पहाटेही घर उबदार असतं.