पस्तीशी-चाळिशीत मोबाईल जमत नसेल तर काय करायचं (बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून)

माझं वय ३९, उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरनं चालणारं कातकामाचं मशीन) काम करतो, दहा मायक्रॉनच्या आत साइज पकडून देतो आणि तरीपण कॅन्टीनमध्ये चहाचे पैसे द्यायची वेळ आली की खिशातनं दहाची नोट काढतो. मग आजूबाजूचे हसतात. "काय मर्दा, नोट कशाला काढूलालास, स्कॅन कर की!" आता हेच माझ्या वडिलांनी केलं तर कोण काही बोलत नाही, उलट पोरं प्रेमानं फोन हातात घेऊन करून देतात. आमच्या वयाच्या माणसाला ती सवलत नाही. आपल्याला येत असणारच असं सगळ्यांनी धरलेलं असतं, म्हणून विचारायची पण लाज वाटते, आणि विचारलं नाही की अजून मागं पडतो. ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय, मला जे उपयोगी पडलं तेवढंच.

पहिलं म्हणजे सगळं शिकायचं नाही. कागद घ्या आणि गेल्या दोन महिन्यात फोनमुळं खरोखर कुठं अडलं ते लिहा. माझी तीनच निघाली, पैसे देणं, शेताचा उतारा बघणं आणि पोराच्या शाळेच्या ग्रुपवर उत्तर टाईप करणं. रील, स्टेटस, फिल्टर यातलं एक पण नव्हतं. ते सोडून दिलं.

आता पैशाचं. मशीनवर नवीन प्रोग्राम आला की आम्ही तो डायरेक्ट पळवत नाही, सिंगल ब्लॉकवर टाकतो, म्हणजे बटण दाबलं की एकच ओळ चालते आणि मशीन थांबतं, बघायचं, मग पुढची. फोनचं पण तसंच केलं. रविवारी घरात बसून, मागं लाईन नाही, कोण घाई करत नाही, बायकोला एक रुपया पाठवला. प्रत्येक स्क्रीनला थांबायचं, वरचं नाव वाचायचं, डायरीत लिहायचं, मग पुढचं बटण. चार रविवारात चार रुपये गेले (ते पण घरातच) आणि हात बसला. डायरी पेन्सिलीनं लिहा, कारण अपडेट आलं की बटणाची जागा बदलते आणि पेननं लिहिलेलं सगळं खोडत बसावं लागतं. पहिल्यांदाच गणपत गल्लीच्या बाजारात सणाच्या गर्दीत ट्राय करायला जाऊ नका, मी गेलो होतो, घाम फुटला.

स्मार्टफोन नकोच असेल तरी वाट आहे. साध्या कीपॅड फोनवरनं *९९# डायल केलं तर नेट नसताना यूपीआय चालतं, एका वेळी ५,००० पर्यंत. यूपीआय १२३पे नावाची सोय रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये आणली, त्यात फोन लावून आवाज ऐकत बटणं दाबायची. दोन्हीला बँकेत नोंदवलेला नंबरच लागतो आणि पिन बनवताना डेबिट कार्ड जवळ ठेवा. *९९# ला नेट नको पण रेंज लागतेच, त्यामुळं जांबोटी-कणकुंबीच्या जंगलाकडं जाणार असाल तर नोटा ठेवाच बरोबर.

शिकवणारा कोण, हे फार महत्त्वाचं. माझं पोरगं सातवीत, ते फोन हिसकावून टकाटक चार बटणं दाबतं आणि "झालं की पप्पा" म्हणतं, मला काय कळलं? काहीच नाही. मग अट घातली, फोन माझ्या हातात राहणार, तू हात मागं बांधून नुसतं तोंडानं सांगायचं. सुरुवातीला वैतागला, आता चांगलं सांगतो.

भाषेचं दुखणं आपल्या भागात वेगळंच आहे. उतारा काढायचा तर 'भूमी'वर (कर्नाटक सरकारची जमिनीच्या नोंदींची वेबसाइट), आणि तो कागद कन्नडमध्ये. बोलायला कन्नड येतं पण वाचायला अडखळतं असे आपल्यात भरपूर आहेत. गूगल लेन्सचा कॅमेरा त्या कागदावर धरला की मराठी करून दाखवतो, पण अंदाज घेण्यापुरतंच धरा, आडनावांची आणि गल्ल्यांची पार वाट लावतो. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, नाव हे कन्नड वाचणाऱ्या माणसाकडनं तपासून घ्याच. गावात ग्राम वन (सरकारी कामं करून देणारं केंद्र) असेल तर तिथं पैसे देऊन काम करून घेण्यात काय कमीपणा नाही, मी अजून जातो. टायपिंगला कीबोर्डवरचं माईकचं बटण दाबून मराठीत बोला. फक्त आपलं बेळगावी त्याला झेपत नाही, "येऊलालोय" म्हटलं की काहीतरी भलतंच उमटतं, मास्तरांसमोर बोलतो तसं बोलावं लागतं.

आणि एक डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायला लागतो. "पैसे येणार आहेत, पिन टाका" असं कोण म्हणालं की फोन ठेवायचा, तो कितीही गोड बोलू दे. आमच्या शिफ्टमधल्या एकाचे असेच गेले आणि तो आमच्यात मोबाईलचा सगळ्यात हुशार होता बरं का. चुकून झालंच तर त्याच मिनिटाला १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन करायचा, नंतर बँकेला, जितका उशीर तितके पैसे परत मिळायचे अवघड.

किराणा, लाईट बिल, रिचार्ज आता मी फोननं करतो. चहाचे दहा मात्र अजून नोटेनंच देतो, कॅन्टीनवाल्याला सुट्टे लागतात, तो माझ्यावर खूश असतो.