जबड्याची शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वी

गालाचा किंवा हिरडीचा कर्करोग जबड्याच्या हाडात शिरला की कागदावर चौथा टप्पा लिहिला जातो आणि तो आकडा वाचूनच घरच्यांचे हातपाय गळतात. तोंडाच्या कर्करोगात मात्र चौथ्या टप्प्यातल्याही बऱ्याच रुग्णांवर शस्त्रक्रिया करता येते; म्हणून गाठ पूर्ण निघेल का, हे आधी विचारावे आणि लगेच दुसरा प्रश्न करावा, की काढलेली जागा कशाने भरणार?

या दुसऱ्या प्रश्नासाठी प्लास्टिक सर्जनची भेट शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावी, मग रुग्ण ससूनमध्ये असो वा खासगी रुग्णालयात. (पुण्याला हे शास्त्र परके नाही: कपाळाच्या कातडीतून नवे नाक घडवल्याची इथली हकिगत लंडनच्या मासिकात 1794 साली छापून आली होती.) केवळ गालाचे अस्तर गेले असेल, तर मनगटाजवळची किंवा मांडीची कातडी रक्तवाहिन्यांसह उचलतात, हातावरची घ्यायची ठरल्यास त्या हाताला सुई टोचू देऊ नये. हाडही जाणार असेल, तर पायातले नडगीशेजारचे बारीक हाड कापून जबड्याच्या आकारात बसवतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलत असल्याने आणि घोटा व गुडघ्याजवळची टोके राखली जात असल्याने रुग्ण पुढे चालू शकतो. इतकी लांबलचक शस्त्रक्रिया प्रकृतीला झेपणार नसेल, तर छातीचा स्नायू वळवून घेतात. दिसायला तो जाडसर असला, तरी माझ्या मते त्याला कमी लेखू नये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) मागावी. तंबाखू, मिश्री आणि विडी त्याच दिवशी बंद करावी, कारण निकोटीनने बारीक वाहिन्या आकसतात.

पहिले दोन-तीन दिवस जोडलेला भाग निळसर किंवा पांढरा पडला, तर परिचारिकेला तत्क्षणी सांगावे. रक्तपुरवठा अडला असल्यास तासांचा उशीरही महागात पडतो. नाकातल्या नळीतून काय व किती द्यायचे, ते आहारतज्ज्ञाकडून लिहूनच घ्यावे. रेडिएशन लागणार असेल, तर ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते, त्यामुळे किडके दात शक्यतो शस्त्रक्रियेच्या वेळीच काढून घ्यावेत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तोंड उघडण्याचा व्यायाम आईस्क्रीमच्या काड्या दातांत धरून रोज करावा आणि काड्यांची संख्या वहीत टिपावी.