स्वॅपचा बदललेला पत्ता: तिसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्यावर उबुंटू उशिरा का सुरू होते

विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या संगणकावर डेबियन ही आणखी एक लिनक्स तिसरी सिस्टीम म्हणून बसवली, की आदल्या दिवसापर्यंत झटपट सुरू होणारी उबुंटू कधीकधी दीड-दोन मिनिटे घेऊ लागते. अशा वेळी डिस्क खराब झाली असे समजून नवी विकत घेऊ नये किंवा सगळे पुसून पुन्हा बसवू नये. वेळ नेमका कुठे जातो ते आधी मोजावे.

उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा दिली, की फर्मवेअर (मदरबोर्डवरील प्रोग्राम), लोडर (सिस्टीम चालू करून देणारा प्रोग्राम), कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि यूजरस्पेस (बाकीच्या सेवा) या टप्प्यांना लागलेला वेळ सेकंदांत दिसतो. लोडरचा आकडा मोठा असेल, तर बहुधा तो ग्रबच्या, म्हणजे सिस्टीम निवडायला देणाऱ्या लोडरच्या, यादीसमोर थांबण्याचा वेळ असतो. ज्या लिनक्सचा ग्रब पडद्यावर येतो (डेबियन शेवटी बसवली असेल तर बहुधा तिचाच), तिच्या ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. तिच्यातील ‘ग्रब टाइमआउट’ कमी करून ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. मात्र ही मुदत शून्यावर नेऊ नये, कारण मग दुसरी सिस्टीम निवडायला सवडच उरत नाही.

यूजरस्पेसमध्ये सुमारे ९० सेकंद जास्त दिसत असतील, तर पहिला संशय स्वॅप पार्टिशनवर, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरण्यासाठी राखलेल्या डिस्कच्या भागावर, घ्यावा. डेबियनचा इन्स्टॉलर आधीपासून असलेले स्वॅप पार्टिशन आपणहून वापरायला घेतो आणि ते नव्याने फॉरमॅट करतो, त्यामुळे त्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याची ओळख सांगणारा लांबलचक क्रमांक, बदलतो. उबुंटूच्या ‘एफएसटॅब’ या, सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी असलेल्या फाइलमध्ये मात्र जुनाच क्रमांक असतो. त्या क्रमांकाचे पार्टिशन कुठेच नसल्याने सिस्टमडी (सेवा क्रमाने सुरू करणारी यंत्रणा) ठरलेली १ मिनिट ३० सेकंदांची मुदत संपेपर्यंत वाट पाहते आणि मग स्वॅपशिवाय पुढे जाते. अशा वेळी बरेच जण ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ने मिळणारी सेवानिहाय वेळांची यादी चाळत बसतात; पण तिच्यात सुरू झालेल्या गोष्टीच येतात, न सापडलेले पार्टिशन येत नाही. त्यापेक्षा सुरू होताना एस्केप कळ दाबून पडद्यावरचे संदेश वाचावेत, किंवा नंतर ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींमध्ये ‘टाइम्ड आउट’ हे शब्द शोधावेत.

दुरुस्ती सोपी आहे, पण ती सावकाश करावी. ‘सुडो ब्लकआयडी’ या आज्ञेने स्वॅपचा आजचा क्रमांक पाहावा, एफएसटॅबची एक प्रत बाजूला ठेवावी आणि मगच स्वॅपच्या ओळीतील जुन्या क्रमांकाच्या जागी नवा चिकटवावा. तो हाताने टाइप करू नये, एक अक्षर चुकले तरी पुन्हा तोच थांबा वाट्याला येतो.

एवढ्यावर काम संपेलच असे नाही. जुना क्रमांक ‘ईटीसी’मधील ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ फोल्डरातील ‘रिझ्यूम’ फाइलमध्येही असू शकतो, आणि तसे असल्यास उबुंटू हायबरनेट केलेली (बंद करताना डिस्कवर जपून ठेवलेली) स्थिती शोधत अगदी सुरुवातीलाच खोळंबते. हा वेळ कर्नलच्या खात्यात दिसत असल्याने त्याचा स्वॅपशी संबंध चटकन लक्षात येत नाही. तिथेही क्रमांक बदलून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा ‘यू’ पर्यायासह चालवावी. मात्र दोन लिनक्स एकच स्वॅप वापरत असतील, तर एकीला हायबरनेट करून दुसरी सुरू करू नये. न जतन केलेले काम कायमचे जाऊ शकते.

विंडोजचे पार्टिशन एफएसटॅबमध्ये असेल, तर त्या ओळीत ‘नोफेल’ आणि १० सेकंदांची उपकरण-मुदत असे दोन पर्याय घालावेत, म्हणजे ते पार्टिशन सापडले नाही तरी उबुंटू अडून राहणार नाही. विंडोजमधील फास्ट स्टार्टअपही बंद करावे. ते चालू असताना शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची स्थिती डिस्कवर ठेवून अर्धवट हायबरनेट होते, आणि तिचे पार्टिशन त्या अवस्थेत असताना लिनक्समधून त्यावर लिहिणे धोक्याचे असते. हे बंद केल्यावर विंडोज सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल, पण सामाईक पार्टिशनवर फोटो आणि कागदपत्रे ठेवणाऱ्यांनी तेवढा वेळ द्यावाच.