घरच्या हवामान केंद्राची रोजची नोंद: या चुका टाळा, आणि मल्टिप्लायरला हात लावू नका

पहिला चांगला पाऊस झाला की मला हमखास एक फोन येतो. "माझ्याकडे शुक्रवारी ३८ मिलिमीटर झाला, पेपरात शिवाजीनगरच्या वेधशाळेला ६० छापलाय. मल्टिप्लायर किती ठेवू?" गेली अकरा वर्षं मी पुण्यात घरच्या केंद्रावरून रोजची नोंद ठेवतोय, आणि या प्रश्नाला माझं उत्तर एकदाही बदललेलं नाही. मल्टिप्लायर, म्हणजे सॉफ्टवेअर मापकाच्या आकड्याला ज्याने गुणतं तो आकडा, एक ठेवा. आधी सांगा, तुमच्या सॉफ्टवेअरचा दिवस किती वाजता बदलतो?

दिवस कधी बदलतो हेच माहीत नसणं

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठला मापकातलं पाणी मोजतात, आणि तो आकडा मागच्या चोवीस तासांचा म्हणून त्या सकाळच्या तारखेखाली लिहितात. निरीक्षणांच्या वेळा जगभर ग्रीनिचच्या घड्याळाने ठरतात. तिथले पहाटेचे तीन म्हणजे आपले साडेआठ. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे आहेत. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर झाला होता. एका शहरात, एका दिवसात एवढा फरक पडू शकतो, हेही शेजारच्या वेधशाळेशी आकडा जुळवायला बसण्यापूर्वी लक्षात घ्या.

घरचं सॉफ्टवेअर मात्र आपलं आपलं चालतं. वीवेक्सचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री, तो बदलायची सोयच नाही. क्युम्युलसमध्ये रोलओव्हर, म्हणजे दिवस बदलायची वेळ, मध्यरात्री किंवा सकाळी नऊ, असे दोन पर्याय आहेत. नऊ म्हणजे साडेआठ नव्हे. जुलैतल्या सकाळी त्या अर्ध्या तासात दहा-बारा मिलिमीटर सहज पडून जातो.

आता असाच फोन करणाऱ्या एका मुलाचं काय झालं ते सांगतो. हुशार मुलगा, चांगलं केंद्र घेतलेलं, आठवडाभरात सगळं जोडून मोकळा. शुक्रवारी संध्याकाळी जोराची सर आली, ३८.४ मिलिमीटर. मग शनिवारी पहाटे दोन ते चार पुन्हा, २१.६. त्याच्या सॉफ्टवेअरने शुक्रवारी ३८.४ आणि शनिवारी २१.६ लिहिलं. वेधशाळेने शनिवारच्या तारखेखाली ६०. दोन्ही आकडे बरोबर होते, योगायोगाने जवळजवळ सारखेच होते. याने काय केलं? आपलं मापक कमी दाखवतंय असं ठरवलं आणि पावसाचा मल्टिप्लायर १.५ केला. पुढच्या आठवड्यात त्याचा आकडा जास्त यायला लागला, तेव्हा १.२ केला. मग ०.९. मला फोन केला तेव्हा ऑगस्ट संपत आला होता.

हा गुणाकार आकडा साठवण्याआधी होतो. म्हणजे डेटाबेसमध्ये जे आहे ते मापकाने मोजलेलं नाही, तुम्ही गुणलेलं आहे. कुठल्या दिवशी किती वाजता बदल केला हे लिहून ठेवलं असतं तर भागाकार करून मूळ आकडे परत मिळाले असते. त्याने लिहून ठेवलं नव्हतं. मापकातला झोका, म्हणजे पाणी भरलं की पालटणारी छोटी वाटी, दर पालटीला ०.२ मिलिमीटर मोजतो. आम्ही दोघं एका रविवारी पाच तास बसलो, तासातासाचे आकडे ०.२ च्या पटीत येतात का ते बघत, कुठे पट मोडतेय ते शोधत. जून सापडला. जुलैचे दोन आठवडे आजही संशयास्पद म्हणून बाजूला ठेवलेत. आख्खा पावसाळा त्या पोराने रोज मनापासून नोंद केली होती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

पेपरातला आकडा बघताना आणखी एक: कधीकधी तो साडेआठ ते साडेआठ असा नसतो, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच असा नऊ तासांचा असतो. बातमी पूर्ण वाचा.

माझी पद्धत अशी. सॉफ्टवेअरचा दिवस मी मध्यरात्रीचाच ठेवतो, कारण तापमानाला तो बरा पडतो. जानेवारीत सकाळी साडेआठलाही ११ अंश असतात. दिवस तिथे बदलला आणि पुढची रात्र ढगाळ होऊन १४ च्या खाली गेलीच नाही, तर कालचे ११ उद्याचं किमान तापमान म्हणून पुन्हा लिहिले जातात. पावसासाठी मात्र साडेआठ ते साडेआठ ही बेरीज वेगळी काढतो. वीवेक्समध्ये प्रत्येक नोंदीवरची वेळ ही त्या पाच मिनिटांच्या शेवटची असते. म्हणून बेरजेत काल साडेआठची नोंद घ्यायची नाही, आज साडेआठची घ्यायची. हे उलटं केलं तर पाच मिनिटांचा पाऊस भलत्या तारखेला जातो.

मापक बघायलाच न जाणं

स्क्रीनवर आकडा हलतोय म्हणजे मापक चालू आहे, असं नवीन माणसाला वाटतं. तसं नसतं.

एका वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे रात्रभर धो धो पाऊस झाला आणि सकाळी स्क्रीनवर ११ मिलिमीटर. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी आकडा चढतच होता. दर काही मिनिटांनी ०.२, पुन्हा ०.२, अगदी तालात, संध्याकाळपर्यंत. आलेखावर पावसाच्या जोराची रेघ टेबलासारखी सपाट. खरा पाऊस असा कधीच पडत नाही. तो वाढतो, कमी होतो, थबकतो. मी गच्चीवर गेलो तर फनेल काठोकाठ भरलेलं. तळाच्या भोकात कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं, बोटाच्या पेराएवढं, वरून गुळगुळीत, आणि ओल्या मातीतून एकेक थेंब खाली पाझरत होता. काठावरून किती वाहून गेलं ते कोण सांगणार? माझ्या हातमापकात त्या सकाळी ८६ मिलिमीटर होते, म्हणून तो दिवस वाचला.

तेव्हापासून मेच्या शेवटच्या आठवड्यात फनेल काढून धुतो, आणि पावसाळाभर दर रविवारी आत बघतो. कुंभारीण, कोळ्याची जाळी, वाळकी पानं, कबुतराचं पीस, सगळं मिळालंय. सपाट रेघ दिसली की त्याच दिवशी वर जायचं, उद्या नाही.

धुताना सेन्सरची वायर काढायला विसरू नका. नाहीतर मेच्या रणरणत्या दुपारी डेटाबेसमध्ये १५ मिलिमीटर पाऊस पडतो आणि वर्षाच्या बेरजेत जाऊन बसतो.

आणि साधं हातमापक घ्याच. हजारो रुपयांचं केंद्र घेणारी माणसं शेजारी एक साधं नळकांडं ठेवायला कुरकुर करतात, हे मला अजून समजलेलं नाही. बॅटरी नाही, वायफाय नाही, अपडेट नाही. शंका आली की निकाल तेच देतं.

मापक खरंच कमी दाखवतंय का हे तपासायचं असेल तर पेपर बाजूला ठेवा आणि तोंडाचा व्यास मोजा. क्षेत्रफळ जितके चौरस सेंटिमीटर, तितके मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. १६.५ सेंटिमीटर व्यास असेल तर २१४ मिलिलिटर. सलाईनच्या नळीने थेंब थेंब सोडा, निदान तासभर. भसकन ओतलं तर झोका पालटताना पाणी निसटतं आणि आकडा कमीच येतो. तीनदा करा. तिन्ही वेळा एकाच बाजूला चूक आली तर झोक्याखालचे स्क्रू फिरवा, आणि तारीख वहीत लिहा.

त्याआधी एक पाहून घ्या: तुमचा झोका ०.२ मिलिमीटरचा आहे की इंचाच्या शंभराव्या भागाचा, म्हणजे ०.२५४ चा? अमेरिकेहून कुणी आणून दिलेल्या केंद्रात बहुधा दुसरा असतो. सॉफ्टवेअरला ०.२ सांगितलं तर १०० मिलिमीटरच्या जागी ७९ दिसतात.

रिकाम्या जागी शून्य भरणं

याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. वीज गेली, आकडे साठवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बंद पडला, सहा तासांची नोंद नाही. माणूस एक्सेल उघडतो आणि तिथे शून्य भरतो, कारण आलेख तुटलेला बरा दिसत नाही. शून्य म्हणजे मी बघत होतो आणि पाऊस पडला नाही. रिकामी जागा म्हणजे मी बघत नव्हतो. पावसाळ्यात वीज जाते ती बहुतेक वेळा जोराच्या पावसातच, त्यामुळे शून्य भरलेले तास नेमके महत्त्वाचे असतात. हवामान विभागाच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तर तो पावसाचा दिवस. अशी दोन-चार शून्यं टाकलीत की तुमच्या वर्षातले पावसाचे दिवसच कमी होतात.

आदल्या आणि पुढच्या तासाची सरासरी काढून भरणं तर त्याहून वाईट. तापमानाला निदान दिसायला शोभतं. पावसाला ते निव्वळ खोटं आहे.

डेव्हिस कंपनीच्या केंद्राच्या डेटालॉगरमध्ये, म्हणजे केंद्राच्याच स्मृतीत, २५६० नोंदी मावतात, पाच मिनिटांच्या अंतराने जवळजवळ नऊ दिवस. संगणक परत आला की सॉफ्टवेअर त्या उतरवून घेतं. लॉगर नसेल तर मधला पाऊस काही सॉफ्टवेअरमध्ये हरवतो, काहींमध्ये वीज आल्यावर एकदम एकाच ओळीत येतो, आणि पाच मिनिटांत ४० मिलिमीटरचा विक्रम झाल्यासारखं दिसतं. तो विक्रम मिरवू नका. वहीत लिहा: "दुपारी २ ते रात्री ८ वीज नव्हती, हातमापकात ४१."

चुकीची नोंद काढावीच लागली तर मूळ फाइलची प्रत ठेवून काढा. वीवेक्समध्ये आर्काइव्हमधली, म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या नोंदींच्या तक्त्यातली, ओळ काढल्यावर रोजच्या सारांशाची तक्ती पुन्हा बांधायची आज्ञा द्यावी लागते. ती दिली नाही तर काढलेला ६० अंशांचा आकडा महिन्याच्या कमाल तापमानात तसाच बसून राहतो, आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे.

पायचं घड्याळ

रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ विसरतो, आणि परत आल्यावर शेवटची आठवत असलेली वेळ धरून चालायला लागतो. इंटरनेट मिळेपर्यंतच्या नोंदी जुन्या वेळेने पडतात. आपल्याकडे पाय आधी सुरू होतो, राऊटर नंतर, आणि लाइन त्याच्याही नंतर. डीएस ३२३१ चं छोटं मॉड्यूल आणि एक नाण्याएवढी बॅटरी लावा. पाचव्या आवृत्तीत घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. केंद्राच्या कन्सोलवर (स्क्रीनच्या डब्यावर) डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची सोय, बंद आहे ना, तेही बघा.

बाकीच्या, थोडक्यात

समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिताना एकक बघा, कारण सॉफ्टवेअर त्यावरूनच वायुभार समुद्रसपाटीचा करून दाखवतं. पुण्यासाठी ५६० लिहिलं आणि पुढे फूट तसंच राहिलं, तर लख्ख उन्हात वायुभार ९६६ हेक्टोपास्कल दिसतो. तो चक्रीवादळाचा आकडा आहे.

तापमानाचा सेन्सर गच्चीच्या स्लॅबजवळ लावू नका. स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडतो. मोकळ्या जमिनीवर सव्वा ते दोन मीटर उंची, वारा खेळणारी सावली. जागा नसेल तर जिथे लावलाय ते वहीत लिहा आणि दरवर्षी हलवू नका.

वीवेक्सच्या डेटाबेसचं एकक सुरुवातीलाच ठरवा. मध्येच नुसतं सेटिंग बदलून ते बदलत नाही, दाखवायचं एकक मात्र कधीही बदला.

आकडे एखाद्या संकेतस्थळावर जातात म्हणून ते जपले गेले असं समजू नका. मेमरी कार्ड दर पाच मिनिटांच्या लिखाणाने झिजतं आणि न सांगता जातं. दर महिन्याच्या एक तारखेला सॉफ्टवेअर थांबवायचं, डेटाबेसची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवायची, फाइलच्या नावात तारीख घालायची, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची ओळ वाचायची. मी हे सकाळी पावणेनऊला करतो, साडेआठचं हातमापक ओतून झाल्यावर.