कोंबडी वाढत नाही? टॉनिक पाजण्याआधी या चुका टाळा

एकाच दिवशी आणलेली पिल्लं, एकच खुराडं, सगळ्यांना सारखाच दाणा. तरी बाकीच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) अंगानं भरतात आणि एखादी हातात घेतली की नुसती पिसंच लागतात. मग कुणीतरी टॉनिकची बाटली सुचवतं आणि ती लगेच पाण्यात पडते. इथंच पहिली चूक होते. कारण पोटात जंत किंवा अंगावर रक्त पिणारे किडे असतील तर टॉनिकनं काहीच होत नाही, आणि उपचाराचे दिवस मात्र निघून जातात.

आधी ती खरंच मागे पडली आहे का, हे बघा. गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींशेजारी गावरान कोंबडी लहान दिसणारच. पूर्ण वाढलेली कडकनाथ मादीसुद्धा साधारण 1.2 ते 1.5 किलोच भरते आणि अंड्यावर यायला सहा महिने घेते. तिला वनराजच्या मापानं मोजलं तर ती निरोगी असूनही खुरटलेलीच वाटेल. बाजारात टोपलीत विकायला येणारी रंग दिलेली पिल्लं तर बहुधा अंड्याच्या जातीतले नर असतात. त्यांच्या अंगावर फारसं मांस चढत नाही, कितीही खाऊ घाला.

दुसरी चूक म्हणजे नजरेनं वजन ठरवणं. पिसं फुगवून बसलेली आजारी कोंबडी लांबून गुबगुबीत दिसते. साधा ताणकाटा आणि कापडी पिशवी घ्या, दर आठवड्याला सकाळी दाणा टाकायच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ती लहान चणीची असेल, पण उपाशी नाही. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला टोचलं, तर मात्र काहीतरी नक्की बिघडलं आहे.

आता खाण्याकडे या. माझ्या मते परसातल्या बहुतेक कोंबड्या इथंच मागे पडतात. आपण तांदळाची कणी, उरलेला भात, मका टाकतो आणि पोट भरलं असं समजतो. लहान पिल्लाला खाद्यात 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, मक्यात ती 9 टक्क्यांच्या आतबाहेर असतात. पोट भरतं, अंग वाढत नाही. मोकळं फिरणारी कोंबडी ही तूट किडे, गांडुळं, वाळवी टिपून काढते. पण फरशी घातलेल्या अंगणात किंवा जाळीत कोंडलेल्या कोंबडीला ते कुठून मिळणार? तिला वयाप्रमाणे तयार खाद्य द्या, नाहीतर शेंगदाण्याची पेंड आणि सुक्या मासळीचा चुरा तरी मिसळा. उलट चूकही होते. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य 'चांगलं' म्हणून पिल्लांनाही घातलं जातं. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या वर असतं, पिल्लाला जेमतेम 1 टक्का पुरतं. जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. कुबट वास येणारा, बुरशी धरलेला मका तर ऊन दाखवूनही वापरू नका. बुरशीचं विष उन्हानं जात नाही, ते यकृतावर बसतं आणि वाढ खुंटते.

दाणा चांगला असूनही तो तिच्यापर्यंत पोचतो का? संध्याकाळी खुराड्यात शिरताना तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. इतरांची टम्म आणि हिची रिकामी असेल, तर ती आजारीच असेल असं नाही, बाकीच्या तिला टोचून हाकलत असतील. दोन भांडी लांब-लांब ठेवा. सकाळी पुन्हा बघा, रात्रीत ती पिशवी रिकामी व्हायला हवी. सकाळीही घट्ट गोळा लागला किंवा तोंडाला आंबूस वास आला, तर तिथं अडलं आहे; दाणा बंद करून डॉक्टरांना दाखवा.

तरीही उलगडा होत नसेल तर तिला त्याच अंगणात, बाकीच्यांना दिसेल अशी डालग्याखाली ठेवा. चांगलं खाद्य, स्वच्छ पाणी, वाळूचे बारीक खडे द्या आणि दोन आठवडे वजन बघा. वजन चढलं तर दोष दाण्याचा किंवा दादागिरीचा होता. भरपूर खाऊनही जागच्या जागी राहिलं, तर खाल्लेलं दुसरंच कुणीतरी खातंय.

तो दुसरा म्हणजे बहुधा जंत. इथं डोळे झाकून जंताचं औषध देणं ही नेहमीची चूक. पाइपराझिन गोल जंतांवर चालतं, पट्टकृमींवर नाही. विष्ठेत पांढरे चपटे तुकडे दिसले तर औषध वेगळं लागेल. ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. पिल्लं तीन ते आठ आठवड्यांची असतील, पंख पाडून बसत असतील आणि विष्ठेत रक्त दिसत असेल, तर रक्ती हगवणीचा संशय घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओला भुसा हे या रोगाचं घर. पावसाळ्यात तो रोज हलवा, भिजलेला काढून टाका.

खुराडं दिवसा तपासून 'किडे नाहीत' म्हणणं हीसुद्धा चूकच. उवा अंगावर असतात, त्या मागच्या बाजूची पिसं फुंकून बाजूला केली की दिसतात. तांबडे किडे मात्र दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा, बसायच्या दांडीखालून पांढरा कागद घासा. कागदावर लाल रेघा उमटल्या तर औषध कोंबडीपेक्षा खुराड्याच्या फटींना आधी हवं. तुर्रा फिका पडलेला असेल तर ही तपासणी टाळूच नका.

काही गोष्टी मात्र मागाहून भरून निघत नाहीत. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण 35 अंश ऊब लागते. तेव्हा गारठलेलं पिल्लू बऱ्याचदा कायमचं मागे राहतं. एक पाय पुढे, एक मागे टाकून बसलेली तलंग मरेक्स या विषाणूच्या रोगाची असू शकते. त्याची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत द्यायची असते, म्हणून पिल्लं घेतानाच ती टोचली आहे का विचारा.

दवाखान्यात जाताना वजनाची वही, खाद्याची मूठभर पुडी आणि मानमोडी, देवीच्या लसींच्या तारखा सोबत न्या. औषध लिहून मिळालं की त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथंच विचारून घ्या.