आयपर्फचा आकडा घेऊन भांडायला जाण्याआधी: या चुका टाळा

एका सीए ऑफिसातून फोन आला. “सर, सर्व्हरवरून फाइल कॉपी व्हायला जाम वेळ लागतोय. नवीन स्विच घेतो, कोणता घेऊ ते सांगा.” स्विच गिगाबिटचा (म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट, १००० एमबीपीएस), दोन्ही मशीनमधली लॅन कार्डंही गिगाबिटची. म्हटलं, खर्च करण्याआधी आयपर्फ-३ (दोन मशीनमधल्या नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) लावून बघा. अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. दहा ओळी, आणि प्रत्येक ओळीत वेग ९४ एमबीपीएसच्या आगेमागे. त्यांना सांगितलं, स्विच राहू द्या, केबल बघा.

हे ९४ ओळखीचं झालं पाहिजे. १०० एमबीपीएसच्या लिंकवर टीसीपीने (प्रत्येक डेटाची पोच घेत पाठवायची पद्धत) प्रत्यक्ष डेटा जातो तो जास्तीत जास्त ९४ च्या आसपास. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० ची लिंक दोन जोड्यांवर चालते, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक जरी सुटलेली असली तरी बऱ्याचदा कार्ड आणि स्विच मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. एरर नाही, तक्रार नाही. त्या ऑफिसात भिंतीतल्या बॉक्समध्ये पंचिंग करताना तपकिरी जोडी नीट बसलेली नव्हती. ती पुन्हा दाबली आणि आकडा ९४१ झाला.

मग लगेच पुढचा प्रश्न आला, “हजारातले ५९ कुठे गेले?” कुठेच नाही. इथरनेटच्या १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये (डेटाच्या एका तुकड्यात) आयपी आणि टीसीपीची हेडर, म्हणजे पत्ता वगैरे मजकूर, वजा जाता १४४८ बाइट तुमचे. पण तेच पॅकेट तारेवर जाताना इथरनेटचं आवरण आणि दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून १५३८ बाइटांची जागा अडवतं. १४४८ भागिले १५३८, गुणिले हजार: ९४१. गिगाबिटवर ९४१ मिळालं की चहा प्यायला जा.

तर मुद्दा असा, की आयपर्फ तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अगदी प्रामाणिकपणे देतं. गोंधळ होतो तो न विचारता आपोआप धरल्या जाणाऱ्या गोष्टींमुळे. (कमांड टाइप इंग्रजीतच करायच्या. इथे अक्षरांचे उच्चार दिलेत आणि जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं म्हटलंय.)

अपलोड मोजून डाउनलोडची तक्रार

सर्वांत जास्त दिसणारी चूक. एका टोकाला ‘-एस’ लावून सर्व्हर सुरू करायचा, दुसरीकडून ‘-सी’ आणि सर्व्हरचा पत्ता देऊन चाचणी लावायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण काहीच सांगितलं नाही तर क्लायंट पाठवतो आणि सर्व्हर घेतो. म्हणजे घरच्या लॅपटॉपवरून क्लाउडमधल्या सर्व्हरकडे चाचणी लावलीत तर तुम्ही अपलोड मोजलंत. डाउनलोड हवं असेल तर कॅपिटल ‘-आर’. जोडणी तरीही क्लायंटच करतो, त्यामुळे घरच्या राउटरवर पोर्ट उघडायची गरज पडत नाही. दोन्ही दिशा एकदम हव्या असतील तर ‘--बायडर’ आहे, पण ३.७ च्या आधीच्या आवृत्तीत ते सापडणार नाही.

यूडीपी आणि ते १.०५

‘-यू’ लावलं, आकडा आला १.०५ एमबीपीएस, आणि माणूस थेट कस्टमर केअरला फोन लावतो. यूडीपी म्हणजे पोचेची वाट न बघता पॅकेट सोडत राहायची पद्धत, त्यात वेग तुम्ही सांगायचा असतो. सांगितला नाही तर आयपर्फ-३ साधारण १ एमबीपीएसनेच पाठवतं. (१.०५ अशासाठी, की आतला आकडा १०२४ गुणिले १०२४ आहे.) वेग ‘-बी’ ने द्यायचा: आधी ५०एम, मग ८०एम, असं चढवत जायचं आणि पॅकेट कुठे गळायला लागतात ते बघायचं. उलटी चूकही होते. १०० च्या लाइनवर १०००एम लावायचं आणि ‘९० टक्के लॉस’ (वाटेत हरवलेली पॅकेट) बघून घाबरायचं. अर्ध्या लिटरच्या भांड्यात पाच लिटर दूध ओतलं तर सांडणारच.

यूडीपीत शेवटच्या दोन ओळींपैकी ‘रिसीव्हर’ची ओळ वाचा. ‘सेंडर’ची ओळ फक्त किती पाठवलं ते सांगते, पोचलं की नाही ते तिला ठाऊक नसतं.

ऑफिसात आयपी फोन बसवायचे असतील तर मोठे आकडे लावायची गरजच नाही. जी.७११ कोडेकचा (आवाजाचा डेटा बनवायची एक पद्धत) एक कॉल इथरनेटवर एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस खातो. वीस कॉल म्हणजे पावणेदोन एमबीपीएस. ‘-बी’ला २एम द्या, चाचणी पाच मिनिटं चालू ठेवा आणि जिटर (पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार) व लॉस बघा. वेगाचा रकाना इथे बघायचाच नाही.

जुन्या ट्युटोरियलमधलं ‘-डब्ल्यू ६४के’

हे कुठून तरी कॉपी होऊन येतं आणि सगळ्यात जास्त दिशाभूल करतं.

टीसीपी पाठवलेल्या डेटाची पोच येण्याची वाट बघतं, आणि पोच येईपर्यंत किती डेटा वाटेत असू शकतो ती मर्यादा म्हणजे विंडो. पुणे-मुंबई असेल तर पोच काही मिलिसेकंदांत परत येते, विंडो लहान असली तरी फारसं जाणवत नाही. पण समजा सर्व्हर अमेरिकेत आहे आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागतात. ६४ केबीची विंडो म्हणजे दर २०० मिलिसेकंदांना फक्त ६४ केबी, म्हणजे सेकंदाला पाच खेपा. हिशेब केला तर २.६ एमबीपीएस. लाइन १०० ची असो की १००० ची, उत्तर तेच. १०० ची लाइन पूर्ण भरायची तर त्याच अंतरावर २.५ एमबी विंडो लागते. एसटी वेगात धावतेय, पण दिवसाला एकच फेरी. रस्ता रुंद करून प्रवासी वाढणार नाहीत.

आजचं लिनक्स ही विंडो गरजेप्रमाणे आपली आपण वाढवतं. तुम्ही ‘-डब्ल्यू’ दिलंत की ते थांबतं आणि तुमचाच आकडा धरून बसतं. म्हणून आधी ‘-डब्ल्यू’ न लावता चाचणी करा.

एक स्ट्रीम (एक टीसीपी जोडणी) कमी वेग देतोय म्हणून कॅपिटल ‘-पी ८’ लावून आठ स्ट्रीम सोडायचे आणि “बघा, लाइन ठीक आहे” म्हणायचं, हेही नेहमीचं. मला यात खटकतं ते वेगळंच. एक स्ट्रीम हळू आणि आठ मिळून जोरात, हेच मुळात निदान आहे. अडचण लाइनच्या रुंदीत नसून विंडोत, अंतरात किंवा वाटेतल्या थोड्याथोडक्या लॉसमध्ये आहे. लिनक्सवर ‘रीट्रान्समिट’चा (पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांचा) रकाना दिसतो, तो बघा. तिथे दर सेकंदाला आकडे पडत असतील तर पॅकेट गळतायत. तुमचा बॅकअप एकाच स्ट्रीमने जाणार असेल तर आठ स्ट्रीमचा आकडा त्याच्या काय कामाचा?

शिवाय ३.१६ च्या आधी आयपर्फ-३ सगळे स्ट्रीम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी सीपीयूच्या एकाच कोअरवर, चालवायचं. १० गिगाबिटच्या लिंकवर जुन्या आवृत्तीने कमी आकडा दाखवला तर आधी सीपीयूचा एक कोअर १०० टक्क्यांवर गेलाय का ते बघा.

आणि हो, छोटा ‘-पी’ म्हणजे पोर्ट. ‘-पी ८’ मधला पी छोटा पडला तर क्लायंट ८ नंबरच्या पोर्टवर जाऊन दार वाजवत बसतो. या एका अक्षरापायी मी स्वतः पाऊण तास फायरवॉलला शिव्या दिल्यात.

जोडणीच होत नाही

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर मशीनपर्यंत तुम्ही बहुतेक पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी बसलेलं नाही: सर्व्हर सुरू केलेला नाही किंवा पोर्ट चुकलाय. बराच वेळ ताटकळून ‘टाइम्ड आउट’ आलं तर फायरवॉल गुपचूप पॅकेट गिळतेय किंवा पत्ता चुकलाय. आयपर्फ-३ चा पोर्ट ५२०१, जुन्या आयपर्फ-२ चा ५००१. दोघांची नावं सारखी, पण एकमेकांशी बोलत नाहीत. एका टोकाला २ आणि दुसऱ्याला ३ असेल तर चाचणी होणारच नाही. यूडीपीसाठी फक्त यूडीपी पोर्ट उघडून भागत नाही, कारण आधीची बोलणी टीसीपीवरच होतात. आणि ‘सर्व्हर बिझी’ आलं तर दुसऱ्या कोणाची चाचणी चालू आहे. एक आयपर्फ-३ सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो.

मोजपट्टीच आखूड

राउटरवरच आयपर्फ सर्व्हर चालवून राउटरचा वेग मोजू नका. पॅकेट पुढे ढकलायला त्याच्याकडे बऱ्याचदा खास हार्डवेअर असतं, पण आयपर्फ चालतं त्याच्या बिचाऱ्या सीपीयूवर. सर्व्हर राउटरच्या मागच्या मशीनवर ठेवा. रास्पबेरी पाय ३बी प्लसवर गिगाबिट लिहिलेलं असलं तरी ते यूएसबी २ मधून जातं आणि ३०० च्या आसपास अडतं. पाय ४ ला ती अडचण नाही. वायफायवरून घेतलेला आकडा हा वायफायचा आकडा. लॅपटॉप ८६६ ची लिंक दाखवत असला तरी तेवढा डेटा कधीच जात नाही. आधी वायरने मोजा, मग वायफायने. फरक तुमच्या घरातला आहे.

उलट, आयपर्फवर ९४१ येतंय आणि फाइल तरीही रडतखडत कॉपी होतेय, असं असेल तर नेटवर्कचा पिच्छा सोडा. आयपर्फ मेमरीतून मेमरीत डेटा टाकतं, डिस्कला हात लावत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर हजारो छोट्या फाइल असतील तर दोषी तिथेच सापडतो.

एमबी आणि एमबी

एकाच ओळीत ‘११२ एमबाइट्स’ आणि ‘९४१ एमबिट्स’ दिसतं. ११२ ला आठने गुणलं तर ८९६ येतं, आणि चौकस माणूस म्हणतो की टूल चुकतंय. ट्रान्सफरचा रकाना १०२४ च्या हिशेबाने असतो, वेगाचा १००० च्या. दोन्ही बरोबर.

डेटा संपला

मोबाइल हॉटस्पॉटवर ‘-टी ३००’ लावून पाच मिनिटांची चाचणी केलीत आणि ४० एमबीपीएस मिळाले, तर बरोबर दीड जीबी गेला. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर संध्याकाळपर्यंत वायफाय शोधत फिरा. क्लाउडमध्ये याहून महाग पडतं. तिथे बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागतात आणि वेगळी सोय केली नाही तर आयपर्फ सर्व्हर पासवर्ड विचारत नाही. पोर्ट जगाला उघडा ठेवून सर्व्हर बंद करायला विसरलात तर कोणीही कॅपिटल ‘-आर’ लावून तुमच्या खर्चाने चाचण्या करत बसेल. सर्व्हर सुरू करतानाच ‘-एस’च्या जोडीला ‘-१’ द्या. एक चाचणी झाली की तो आपला आपण बंद होतो.