प्लांटवर नवे आहात? या चुका टाळा

दर पावसाळ्यात आमच्या केमिकल प्लांटवर नवी इंजिनिअर पोरं रुजू होतात. कुणी माटुंग्याच्या आयसीटीतलं, कुणी पवईच्या आयआयटीतलं, कुणी डिप्लोमा करून आलेलं. हिशेबात पक्की असतात. चुकतात ती दुसरीकडेच, आणि वर्षानुवर्षं त्याच त्याच जागी.

माहीत नसताना मान डोलावणं

१९७४ साली इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात एका रिअ‍ॅक्टरला तडा गेला. तो काढून शेजारचे दोन जोडायला २० इंची पाइपचा तात्पुरता बायपास टाकला. त्याचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती! वर्क्स इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती आणि बेलोजवर, म्हणजे पाइपच्या दोन टोकांच्या लवचीक जोडांवर, किती ताण येईल हे जाणणाऱ्या कुणालाच विचारलं गेलं नाही. १ जूनला बायपास तुटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, २८ माणसं गेली. म्हणून 'टेम्पररी' शब्द कानावर आला की थांबा. लाइन, गॅस्केट, सॉल्व्हंट, बॅच साइझ, काहीही बदलत असेल तर आधी एमओसी (मॅनेजमेंट ऑफ चेंज, म्हणजे बदलाच्या मंजुरीचा फॉर्म) भरा आणि मेकॅनिकलच्या माणसाला जागेवर आणून दाखवा. 'हे मला येत नाही' असं म्हटल्याने कुणाचं करिअर बुडालेलं मी पाहिलेलं नाही.

केबिनमध्ये बसून परमिटवर सही

ही मी स्वतः केलेली चूक, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. रिअ‍ॅक्टर साफ करायला माणूस आत उतरणार होता. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद केल्याचं मला फोनवर कळलं आणि मी परमिटच्या, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीच्या, चेकलिस्टवर टिक केली. मॅनहोलपाशी उभ्या असलेल्या कंत्राटी हेल्परला होजच्या जोडाजवळ बारीक सूं सूं ऐकू आलं. त्याने सुपरवायझरला सांगितलं. उत्तर मिळालं, "तू तुझं काम कर." तरी तो जिना उतरून माझ्याकडे आला. जाऊन पाहिलं तर व्हॉल्व्ह पास होत होता, म्हणजे बंद असूनही त्यातून गॅस झिरपत होता.

नायट्रोजनला वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. ऑक्सिजन फारच कमी असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. बंद व्हॉल्व्हवर कधीच भरवसा ठेवू नका. होज काढा, लाइनला ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी चकती) टाका, वर, मध्ये आणि तळाशी ऑक्सिजन स्वतः मोजा. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही. सही मॅनहोलपाशी उभं राहूनच करा.

खालच्या माणसाला गप्प बसवणं

तो हेल्पर सुपरवायझरचं ऐकून गप्प बसला असता तर? भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा धोका दिसला की वरिष्ठांना सांगण्याचा हक्क कामगाराला कायद्यानेच मिळाला. पण परमिट इंग्रजीत, सूचना मराठीत आणि माणूस बिहारचा किंवा ओडिशाचा, तर तो हक्क कागदावरच राहतो. टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक, त्याला समजेल त्या भाषेत घ्या आणि ऐकलेलं त्यालाच परत सांगायला लावा. निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवणाऱ्याला मेमो दिलात की पुढचा निअर मिस तुमच्यापर्यंत येणारच नाही.

सगळ्यांना एकच साइझ

मोठ्या ग्लोव्हजमध्ये बोटं सैल राहतात, सॅम्पलची बाटली निसटते. प्लांटवरच्या मुली हे रोज सहन करतात. लहान साइझ मागवा, तो हट्ट नव्हे. मास्कचे कार्ट्रिज तळव्यांनी झाकून श्वास आत ओढा; मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तरच सील नीट. दाढीचे खुंटही सील घालवतात, हे पुरुषांनी लक्षात ठेवावं.

आणि 'काळजीपोटी' मुलींना क्यूसीत (क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये) किंवा डॉक्युमेंटेशनला बसवणं थांबवा. दोन वर्षांनी प्रमोशनच्या वेळी त्यांनाच 'प्लांटचा अनुभव नाही' असं ऐकवलं जातं. रात्रीची गाडी, प्लांटजवळ स्वच्छतागृह आणि चेंजिंग रूम, ही व्यवस्था मॅनेजमेंटने करायची असते.

नुसती सर्टिफिकेटं जमवणं

बेलापूरच्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलचे कोर्स जरूर करा, हॅझॉपला, म्हणजे प्लांटमधले संभाव्य धोके शोधणाऱ्या बैठकीला, बसायची संधी सोडू नका. पण त्याआधी पहिल्या महिन्यात पीअँडआयडी (पाइप, व्हॉल्व्ह आणि उपकरणांचं ड्रॉइंग) हातात घेऊन, ऑपरेटरला सोबत घेऊन एकेक लाइन पायी ट्रेस करा. ड्रॉइंगवर नसलेला एखादा व्हॉल्व्ह बहुतेक सापडतोच. तिथेच लाल पेनाने खूण करा आणि संध्याकाळच्या आत तो कागद शिफ्ट इनचार्जच्या हातात द्या.